हक्कसोडला तिथे शब्द नव्हता

विश्रामबागेत माझ्या ऑफिसच्या दारावर निळी पाटी होती : 'परदेशात शेती घ्या. संपूर्ण मार्गदर्शन.' पाटी लावून आठवडाही झाला नसेल, तोवर कुणीतरी तिच्याखाली खडूने लिहून गेलं, 'इथली विकून?' मी ते पुसलं नाही. एक तर अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं, आणि दुसरं म्हणजे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक ते वाचून हसत हसत आत यायचं. हसत आलेला माणूस चहा येईपर्यंत तरी बसतो, आणि बसलेल्या माणसाला आफ्रिका दाखवायला मला एक नकाशा आणि दहा मिनिटं पुरतात.

पुष्कळांचा समज होता की मी परदेशातल्या जमिनी विकतो. तसं काही नाही. बहुतेक देश परक्या माणसाला जमीन विकतच नाहीत. ठरावीक वर्षांच्या कराराने कसायला देतात. विकतात ते थोडे, आणि ते का विकतात हे आधी विचारावं लागतं. माझं काम लग्न जमवणाऱ्याचं. स्थळ शोधायचं, माती-पाण्याच्या पत्रिका जुळवायच्या, इथून पैसा बाहेर नेण्याचे नियम समजावून सांगायचे, दोन्हीकडच्या वकिलांना एका टेबलाशी बसवायचं, आणि बैठकीतून कुणी रागाने उठून जाऊ नये म्हणून मधून मधून विनोद करायचे. पहिल्या चार कामांत मी बरा होतो. पाचव्यात माझा हात धरणारा सातारा-सांगलीत कुणी नव्हता, हे मी नम्रपणे नमूद करतो.

त्याआधी मी फलटणकडच्या एका साखर कारखान्यात चिटबॉय होतो. म्हणजे मोटारसायकलवरून गावोगाव हिंडायचं, कुणाची लागण कधीची ते वहीत लिहायचं आणि कुणाच्या उसाला तोड कधी येणार ते सांगायचं. तोडीची तारीख सांगणाऱ्याला गावात जावयासारखा मान असतो, आणि तारीख चुकली की चोरासारखी पळापळ. ती सगळी तालीम मला पुढे उपयोगी पडली.

आपला शेतकरी परदेशातली जमीन बघताना कोणते प्रश्न विचारतो, हे मी आता झोपेतही सांगेन. पहिला प्रश्न : शेजारी कोण? दुसरा : बांध कुठाय? मी एकदा एकाला म्हणालो, "दादा, इथे शेजारी चार मैलांवर आहे, बांध नाहीच." त्याचा चेहरा पडला. "बांध न्हाई? मग भांडायचं कुणाशी?" तिसरा प्रश्न : तलाठी कुठं बसतो? हा प्रश्न मला आजवर सहा देशांत विचारला गेला आहे, आणि माझ्यापाशी एकाही देशाचं उत्तर नाही.

तासगावचे एक द्राक्षबागायतदार होते. त्यांना मी आप्पा म्हणतो. त्यांना घेऊन मी जॉर्जियाला गेलो. जुन्या वेलींच्या टेकड्या, खाली नदी, आणि आप्पा मागे हात बांधून ओळीओळीतून चाललेले. मी मालकाशी बोलत बसलो. तासाभराने मालकाच्या बायकोची किंकाळी आली. जाऊन बघतो तर एका अख्ख्या ओळीखाली कोवळ्या घडांचा सडा. आप्पांनी खिशातली कात्री काढून विरळणी करून टाकली होती!

"आवं, लई गर्दी हुती घडांची," आप्पा म्हणाले. "मणी फुगणार कसा? यांना सांगा, पैसं नगंत, आपलं म्हणून केलं."

मालकाला त्या द्राक्षांची वाइन करायची होती. त्याला मोठा मणी नकोच होता. हे मी आप्पांना सांगितलं, तेव्हा आप्पांनी त्या माणसाकडे ज्या करुणेने पाहिलं, ती मी विसरलेलो नाही. सौदा अर्थातच मोडला. पण विमानतळावर तो मालक आप्पांच्या गळ्यात पडून रडला. आनंदाने की आम्ही जातोय म्हणून, ते कळलं नाही.

असे किस्से सांगत बसलो तर अंकाची पानं पुरणार नाहीत. मला खरं तर बापूंचं सांगायचं आहे.

बापू फलटणजवळच्या एका गावचे. माझ्या चिटबॉयच्या दिवसांपासूनची ओळख. कॅनॉलखालची आठ एकर काळी जमीन, आणि तिच्यात असा ऊस की आत शिरलेला बैल हाकेला ओ देईल पण दिसणार नाही. ती आठही एकर जमीन नव्या महामार्गात गेली. मोबदला मिळाला, घराला रंग लागला, दारात गाडी आली. आणि एक दिवस बापू माझ्या ऑफिसात आले ते पाटीखालचं वाचून हसले नाहीत.

"चिटबॉय," ते म्हणाले. मी सूटबूट घातला तरी त्यांच्या लेखी चिटबॉयच. "सकाळी उठून कुठं जायचं, तेच कळंना झालंय रं. पाच वाजता जाग येती. बूट घालतो. रस्त्याच्या कडंला जाऊन हुबा राहतो. गाड्या जात्यात माझ्या उसातनं."

आसपासच्या जमिनींचे भाव त्या मोबदल्यामुळेच आभाळाला गेले होते. आठ एकरांच्या पैशात तिथे दोन एकर आली नसती. म्हणून बापूंना परदेश हवा होता. हौस म्हणून नाही. त्यांना पुन्हा शेतकरी व्हायचं होतं, साठाव्या वर्षी.

मी झांबियातली एक जागा काढली. पूर्वेकडचा मुलूख, तांबूस माती, जवळून बारमाही ओढा. तिथल्या टोळीप्रमुखाच्या संमतीने दीर्घ मुदतीचा करार. कागदावर इंग्रजीत 'मोकळी जमीन' अशा अर्थाचे शब्द होते. मी मराठीत सरळ 'पडीक' लिहिलं. त्या एका शब्दाने पुढचं सगळं रामायण घडलं, आणि तो शब्द माझा होता. मी ती जमीन आधी चार वेळा पाहिली होती. चारही वेळा गाडीच्या काचेतून.

बापूंच्या सोबत त्यांचे दाजी आले, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. रिटायर्ड सुभेदार. शांतिसेनेतून काँगोत जाऊन आलेले, त्यामुळे आफ्रिकेवर त्यांचा एकट्याचा हक्क. विमानात त्यांनी आम्हा दोघांना ब्रीफिंग दिलं.

"पयली गोष्ट डिसिप्लिन. दुसरी, कुणी भेटलं की म्हणायचं जांबो. मामला खतम."

आम्ही लुसाकाहून दिवसभर गाडीने पूर्वेला गेलो. वाटेत सुभेदार प्रत्येकाला जांबो म्हणत होते आणि कुणीही ओ देत नव्हतं. जांबो स्वाहिलीतलं, आणि ती भाषा त्या भागातली नव्हतीच. आमच्या बरोबर तिथला मध्यस्थ होता, मिस्टर फिरी. लठ्ठ, घामाघूम, भला माणूस. 'फिरी' हे तिकडे आपल्या पाटलासारखं सर्रास आडनाव आहे. सुभेदार त्याला "मिस्टर फ्री" म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

गावात शिरलो तर एक म्हातारी समोर आली, किंचित वाकली, ओंजळीसारखे हात करून टाळ्या वाजवल्या आणि सुभेदारांना म्हणाली, "मुली ब्वांजी?"

सुभेदारांनी अटेन्शन घेतलं. "मुली? दोन. दोघींची लग्नं झाली. थोरली पुण्यात दिली."

तो तिथला नमस्कार होता. कसे आहात, एवढाच अर्थ. मी हे सांगितल्यावर सुभेदार म्हणाले, "मग काय बिघडलं? मीबी खुशालीच सांगितली."

त्या म्हातारीला सगळे आगोगो म्हणत. तिकडे आजीला असंच म्हणतात. ती आमच्या मागे मागे आली. आम्ही जमिनीवर पोचलो. कमरेएवढं पिवळं गवत, मधूनच एखादं झाड, लांबवर निळे डोंगर. फिरीने हात पसरून नाटकात पडदा उघडावा तसं दृश्य उघडलं. मीही माझं भाषण सुरू केलं. निचरा, पाऊस, ऊस चांगला येईल...

बापू ऐकत नव्हते. त्यांच्या नव्या बुटांत गवताची कुसळं शिरली होती, म्हणून ते खाली बसून बूट काढत होते. बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी चालू लागले. दहा पावलं गेले. थांबले. मागे आले. आडवे चालले. परत थांबले. शहरातल्या माणसाला वाटलं असतं, याच्या पायात काटा गेला.

"साहेब," बापू म्हणाले. मला ते साहेब म्हणाले तेव्हाच मी भाषण आवरलं. "हितं या. बूट काढा."

मी काढले.

"चाला."

मी चाललो. पाय खाली गेला, वर आला. खाली गेला, वर आला. सारख्या अंतरावर.

"काय लागतंय?"

मला कळलं होतं. उसाच्या रानात पंधरा वर्षं हिंडलो होतो मी.

"सरी हाय ही," बापू म्हणाले. "अडीच-तीन फुटी. हातानं वढलेली. गवत वर आलंय, पण खाली सरी जिती हाय. ही पड न्हाई, साहेब. ही विसाव्याला टाकलीया. कुणाची हाय?"

फिरीने आकाशाकडे पाहिलं. मी फिरीकडे. आगोगो मात्र बापूंच्या अनवाणी पायांकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू येत होतं. काय चाललंय ते तिला आमच्याआधी समजलं होतं. ती गवतात शिरली, बापूंच्या शेजारी उभी राहिली आणि तिनेही पायाने एक सरी दाखवली. मग पुढची. मग तिसरी. दोघं जण हातभर अंतरावर उभी, एकमेकांचा एक शब्द कळत नाही, आणि चिल्यापिल्यांच्या खोड्या सांगाव्यात तशी पायांनी बोलतायत.

बापूंनी मला विचारायला लावलं. बापू मराठीत, मी इंग्रजीत, फिरी त्यांच्या भाषेत, आणि परत तशीच उलटी चढण.

आगोगो म्हणाली, "माझं रान आहे. आधी आईचं. तीन वर्षं झोपवलंय. पुढच्या पावसात याला उठवणार आणि ओढ्यापलीकडचं झोपवणार."

"झोपवणार!" बापू खूश होऊन माझ्याकडे वळले. "ऐकलं का? झोपवणार म्हंती. आपला शब्द हाय."

"आणि मालक?" सुभेदारांनी विचारलं. "हिचा नवरा?"

यावर फिरी जरा लाजला. त्याने समजावून सांगितलं की या लोकांत रान आईकडून मुलीकडे जातं. मुली गावातच राहतात, नवरे बाहेरून येतात. नवऱ्याने बायकोला विचारल्याशिवाय भोपळासुद्धा लावायचा नाही.

"म्हंजे सगळं गाव घरजावयांचं?" सुभेदार ओरडले. "आन् तुमी, मिस्टर फ्री?"

"मी पण," फिरी म्हणाला, आणि रुमालाने मान पुसली.

सुभेदारांनी पुढे होऊन त्याला एक कडक सॅल्यूट ठोकला. आम्ही हसत होतो. आगोगोही हसत होती. तेवढ्यात तिने आपला प्रश्न विचारला. काही वाईट हेतू नव्हता तिचा. पाहुण्याची चौकशी करावी तसं सहज.

"याचं रान कोण बघतं? याची बहीण?"

मी मराठीत सांगितलं. बापूंचं हसू होतं तिथेच राहिलं. सुभेदार निळे डोंगर न्याहाळू लागले.

आता वाचकांनो, तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे भाऊ-बहिणीचं मायाळू म्हणावं असं एक कागदी कर्म असतं. वडील गेले की बहिणी तालुक्याला जातात, दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात फोटो काढतात, अंगठा देतात आणि वडिलांच्या जमिनीवरचा हक्क भावाला सोडतात. भाऊ साडीचोळी करतो. मग माहेर शाबूत राहतं. बापूंच्या आक्काने, म्हणजे सुभेदारांच्या बायकोने, असंच सोडलं होतं, रस्ता यायच्या दोनच वर्षं आधी. नसतं सोडलं, तर आठ एकरांत तिचाही वाटा होता, आणि रस्त्याच्या मोबदल्यातही असता. म्हणजे झांबियात आम्ही जे घेऊन आलो होतो, त्यात अर्धी आक्का होती. हे बापूंना ठाऊक, सुभेदारांना ठाऊक, मला ठाऊक. बोललं कुणीच नव्हतं.

"सांग तिला," बापू खाली बघत म्हणाले, "बहिणीनं हक्कसोड केलंय."

मी या धंद्यात करारांची शेकडो पानं इकडून तिकडे केली आहेत. पण त्या दिवशी त्या एका शब्दापाशी माझी गाडी रुतली. मी इंग्रजीत म्हणालो, "तिने आपला अधिकार मोकळा केला."

"मोकळा?" फिरी म्हणाला. "शेळीसारखा?"

"नाही. कागदावर. स्वखुशीने."

"कुणावर रागावली होती?"

"कुणावरच नाही. प्रेमाने."

फिरीने प्रयत्न केला. त्याच्या भाषेतही शब्द मिळेना. त्याने हातवारे केले, सोडण्याची, देण्याची, निघून जाण्याची सगळी क्रियापदं वापरून पाहिली. एव्हाना चार-पाच बायका जमल्या होत्या. त्यांच्यात कुजबूज झाली. एकीने विचारलं, "आजारी आहे का ती?" दुसरीने विचारलं, "वारली?" फिरीने नाही म्हणून मान हलवली. शेवटी काहीतरी त्यांच्यापर्यंत पोचलं असावं, कारण आगोगोने बापूंकडे बारकाईने पाहिलं आणि एक वाक्य बोलली.

"काय म्हंती?" बापूंनी विचारलं.

"म्हणते, बहिणीने प्रेमाने रान सोडलं. मग भावाने प्रेमाने काय सोडलं?"

सुभेदार घाईघाईने म्हणाले, "साडी दिली की! भारीतली. सांगा तिला साडीचं."

मी साडीचं भाषांतर केलं नाही. आयुष्यात मी एवढं एकच वाक्य मुद्दाम गाळलं असेल. माझ्या दोन बहिणी आहेत. दोघींच्या सह्यांचे कागद माझ्या कपाटात आहेत, आणि साड्यांचे रंग मला आज आठवत नाहीत.

"सांगितलं का?" सुभेदारांनी विचारलं.

"सांगितलं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळीप्रमुखाकडे जायचं होतं. तिकडे त्याच्या घराला इंग्रजीत राजवाडा म्हणतात. पत्र्याच्या छपराचं नीटनेटकं बैठं घर, पुढे आंब्याचं झाड, झाडाखाली खुर्ची. आपण गुडघ्यावर बसायचं, ओंजळीने टाळ्या वाजवायच्या आणि थेट त्याच्याशी बोलायचं नाही. त्याच्या कारभाऱ्याशी बोलायचं. म्हणजे आता बापूंचं वाक्य माझ्यातून, फिरीतून आणि कारभाऱ्यातून जाऊन चौथ्या माणसाला पोचणार होतं. सुभेदारांचा गुडघा वाकत नव्हता. त्यांना खास परवानगीने बाकड्यावर बसवलं, तर तिथूनही ते पाठ ताठ ठेवून परेडसारख्या टाळ्या वाजवत होते.

बापूंनी फलटणहून आणलेली गुळाची ढेप पुढे ठेवली. प्रमुखाने एक खडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. सुरुवात उत्तम झाली.

फिरीने कागद काढला. गावाची हरकत नाही, अशा अर्थाचा. खाली निळ्या शाईचे अंगठे. मला तो कागद माहीत होता, माझ्या फायलीत त्याची प्रत होती. आता प्रमुखाने हो म्हणायचं, की झालं. बापूंना जमीन मिळणार होती, पाचला उठून जायला जागा मिळणार होती. आणि मला माझ्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा करार.

बापूंनी कागद हातात घेतला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. पण अंगठे वाचता येत होते.

"यात तिचा कुठला?"

आगोगो बायकांमध्ये बसली होती. तिने लांबूनच बोटाने दाखवला, तिसरा.

बापूंनी त्या ठशावर बोट ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "इचार तिला. अंगठा देताना तिला काय सांगितलं हुतं."

फिरीला मराठी येत नव्हतं, पण आवाज कळला. त्याने माझ्याकडे पाहिलं. गरीब बिचारा, डोळ्यांनी विनवत होता. माझ्या हातात सगळं होतं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मी इंग्रजीत 'बापू म्हणतात, या मानाबद्दल आभारी आहोत' असं म्हटलं असतं, तर तिथे कुणाला काय कळणार होतं? सुभेदारांना जांबोपलीकडे येत नव्हतं. वाक्य माझ्या ओठांवर तयारसुद्धा झालं होतं. नाटकी माणसाला खोटं लवकर सुचतं.

"चिटबॉय," बापू हळूच म्हणाले. "जसंच्या तसं."

मी जसंच्या तसं विचारलं. आणि फिरीनेही, कौतुक करायला हवं त्याचं, जसंच्या तसं विचारलं. कारभारी थबकला. प्रमुखाने मानेनेच परवानगी दिली.

आगोगो म्हणाली, "सांगितलं, रस्ता येणार. दवाखाना येणार. यंत्रं येणार."

"आणि रान?"

"रानाचं कुणी बोललं नाही. रान तर माझं आहे. त्याचं काय बोलायचं?"

बापूंनी कागद घडी करून गुळाच्या ढेपेशेजारी ठेवला. गुडघ्यावर बसूनच हात जोडले. "मला नगं," ते म्हणाले. "राजेसाहेबांस्नी सांग, माफ करा. आठ एकर जाताना काय वाटतं ते मला म्हाईत हाय. मला तर पैसं तरी मिळालं."

हे चार माणसांतून जाईपर्यंत बराच वेळ लागला. प्रमुखाने ऐकलं, कागद उचलला आणि आपल्या खुर्चीच्या गादीखाली सरकवला. म्हणाला, "या जमिनीच्या आया काय म्हणतात, ते आम्ही पुढच्या पावसात बसून ऐकू." एवढ्या सभ्य भाषेत माझा सौदा कुणी बुडवला नव्हता.

परतीच्या गाडीत फिरी माझ्या शेजारी होता. मी म्हणालो, "तुझंही नुकसान झालं." तो म्हणाला, "झालं. पण त्या अंगठ्यांपायी बायको आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हती. आज बोलेल." मग थोड्या वेळाने गुणगुणायलाही लागला. हल्ली मी जमीन दाखवण्याआधी स्वतः चालून येतो, बूट काढून. त्यामुळे माझ्या दाखवायच्या जमिनी खूप कमी झाल्या आहेत.

सुभेदार विमानात कुणालाही जांबो म्हणाले नाहीत. मधेच मला म्हणाले, "सही कर म्हणून मीच सांगितलं हुतं तिला. म्हणलं, फौजीच्या बायकोनं भावापुढं हात पसरायचा न्हाई." आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. "हात पसरायचा सवालच नव्हता, च्यायला. तिचंच हुतं."

गावी आल्यावर महिन्याभराने बापूंनी मला जेवायला बोलावलं. रविवारची दुपार. सुभेदार आले होते, आक्का आल्या होत्या. आक्का म्हणजे सडपातळ, मोठ्या कुंकवाच्या, भावापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या. पडवीत शेवग्याच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. बापू म्हणाले, "साहेब, तिकडचं हिला सांगा. आमाला जमत न्हाई."

म्हणजे शेवटचं भाषांतर माझ्याकडेच. मराठीतून मराठीत. मी सगळं सांगितलं. मुली ब्वांजीला आक्का एवढ्या हसल्या की हातातली शेंग खाली पडली. सरीपाशी त्यांनी काम थांबवलं. मी आगोगोचा 'भावाने काय सोडलं' हा प्रश्न सांगितला. त्यांनी पुढची शेंग घेतली.

"रान राह्यलं का म्हातारीचं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"राहिलं."

"बरं झालं."

बापूंनी घसा खाकरला. "आक्के, तू सही करताना मी तुला काय सांगितलं हुतं गं?"

"तू? तू म्हणालास, लई गर्दी हाय, लौकर कर, दाजींची साडेअकराची बस चुकंल."

"एवढंच?"

"एवढंच. मग आपुन उसाचा रस प्यालो."

बापू उठून आत गेले आणि एक कागद घेऊन आले. माण तालुक्याच्या बाजूला त्यांनी पाच एकर कोरडवाहू जमीन बघितली होती. खडकाळ, पण खाली पाणी लागण्यासारखी. तिच्या खरेदीचा मसुदा होता. घेणाऱ्यांत दोन नावं, आणि पहिलं आक्काचं.

"तुझ्याबी वाट्याच्या मोबदल्याची हाय," बापू म्हणाले. "आपल्या दोघांची. हितं सही कर."

आक्कांनी पदराला हात पुसले. कागद घेतला, लांब धरला, जवळ धरला. सुभेदार म्हणाले, "आगं, कर की सही! भाऊ कवाचा पेन धरून हुबा हाय."

आक्कांनी कागदाची चार पदरी घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

"चष्मा घरी राह्यलाय," त्या म्हणाल्या. "वाचते. मग सांगते."

"किती दिस लागतील?" बापूंनी विचारलं.

"बघू की," आक्का म्हणाल्या आणि पुढची शेंग मोडली. "लई लांबडं लिवलंय."